हिरव्या मुठीची करवत

माझ्या नवऱ्याने मला पसंत करायला जेवढा वेळ घेतला नव्हता, तेवढा एक करवत पसंत करायला घेतला. पूर्वी मी हे चारचौघांत म्हणायचे आणि लोक हसायचे. यज्ञेश्वरही हसायचा. आता मी म्हणत नाही.

करवत म्हणजे सुताराची लांबलचक नव्हे. चाकूसारखी मिटणारी, सॅकच्या बाजूच्या कप्प्यात मावणारी, ओल्या फांद्या कापायची छोटी करवत. मुठीवर एक कळ असते. ती अंगठ्याने दाबायची आणि पातं बाहेर काढायचं, ते खट्‌ करून अडकतं. मिटवायचं तरी पुन्हा तीच कळ. एवढंच यंत्र. पण यज्ञेश्वर हडपसरच्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगचा प्रमुख. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हा त्याचा धंदा. नव्वदच्या दशकात कारखान्यातली पक्की नोकरी सोडून तो या कामात शिरला, तेव्हा कसबा पेठेतले माझे वडील म्हणाले होते, "दुसऱ्यांच्या चुका काढायचे पैसे मिळतात? आम्ही तर जन्मभर फुकट काढल्या."

शनिवार-रविवारी मात्र हाच माणूस किल्ल्यावर असायचा. कुठल्या, ते सांगत नाही. नाव छापून आलं की लोक चिप्सची पाकिटं घेऊन पोचतात. कंपनीतल्या आठ जणांचा त्यांचा गट होता आणि महिन्यातल्या एका रविवारी ते जाऊन तटबंदीत उगवलेली झाडं काढायचे. पाखरांच्या विष्ठेतून वडा-पिंपळाचं, उंबराचं बी दगडांच्या फटीत पडतं, रोप मनगटाएवढं झालं की सांधे फाकतात आणि चांगला तीनशे वर्षं उभा असलेला बुरूज एका पावसाळ्यात खाली येतो. कोयत्याने घाव घालावा, तर दगड हलतात. शिवाय तटाच्या कडेवर उभं राहून कोयता उगारणाऱ्याची बायको घरी देव पाण्यात ठेवून बसते. म्हणून करवत. आणि मिटणारी अशासाठी, की उघडे दाते सॅकमधला दोर आणि पाठीवरचा शर्ट दोन्ही फाडतात.

त्यांची एक रीतही होती. झाडाला करवत लावण्याआधी बुंध्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "तुझा दोष नाही, जागा चुकली. माफ कर." हे म्हणायचा मान यज्ञेश्वरचा, कारण तो वयाने मोठा. ही सगळी संगणकवाली मंडळी. देवाधर्माचं काही विचारलं तर खांदे उडवतील. पण उंबराला हात लावताना एकाची तरी नजर इकडेतिकडे व्हायचीच.

जुन्या करवतीची कळ दबेना, तिथून हे सुरू झालं. आधी त्याने तेल घातलं. मग स्प्रिंग गंजलीये म्हणाला. मग नवी मागवली, तर तिची कळ चुकीच्या जागी होती. ती परत करून तिसरी आणली, ती त्याला मुठीत घसरत होती. प्रत्येक करवतीबद्दल तो कंपनीला लांबलचक अभिप्राय लिहायचा, स्वच्छ मुद्दे घालून. मी शाळेत गणित शिकवते. एकाच मुलाची तीन वेगवेगळी गणितं चुकत असतील, तर चूक गणितात नसते, एवढं मला कळतं. मी शर्टाच्या बटणांकडे पाहत होते. उजव्या हाताने बटण लावता लावता तो मध्येच थांबायचा आणि डावा हात मदतीला घ्यायचा. कुलपात किल्ली फिरवायचा, तर हात नाही, अख्खा खांदा फिरायचा. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसत चालला होता. मी काही बोलत नव्हते, कारण मला भीती वाटत होती. चांगलीच भीती वाटत होती.

शेवटी मीच त्याला डॉक्टरांकडे नेलं. सुया टोचून, वीज सोडून सगळं तपासल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. मेंदूकडून स्नायूंना निरोप नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा हा आजार आहे म्हणाले. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. उपाय विचारला, तर म्हणाले, "आनंदी ठेवा." त्यांच्या टेबलावर काचेचा एक गणपती होता. तो उचलून भिंतीवर फेकावा असं मला वाटलं, आणि गणपतीचंही काही वाटलं नाही.

यज्ञेश्वरने शांतपणे विचारलं, "चाचणीत चूक असू शकते ना?"

"दुसरं मत जरूर घ्या," डॉक्टर म्हणाले.

माझ्या नवऱ्याने सगळ्या बोलण्यातलं तेवढं एकच वाक्य घरी आणलं. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली. तोवर एका वैद्यांचं तेल आणलं. रोज सकाळी वरद, आमचा मुलगा, त्याच्या हाताला ते चोळायचा. आणि करवतीचा शोध तर आणखीच जोरात सुरू झाला. जणू त्याला उघडता येईल अशी करवत या जगात सापडली, की डॉक्टर खोटे ठरणार होते. तो हे तोंडाने बोलला नाही. पण तीस वर्षं संसार केलेल्या बाईला बोलून दाखवावं लागत नाही.

एका शनिवारी तो मला बोहरी आळीतल्या एका अवजारांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने काउंटरवर एकेक करवत काढून ठेवली. यज्ञेश्वर प्रत्येक हातात घ्यायचा, कळ दाबायचा, ठेवायचा, पुन्हा पहिली उचलायचा. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दुकानदाराने बराच वेळ धीर धरला, मग म्हणाला, "साहेब, घ्या निवांत. तोवर झाड आपोआप पडेल."

एरवी मी त्याला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. तेवढ्यात खट्‌ आवाज झाला. हिरव्या मुठीची एक करवत उघडली होती. मी पाहिलं होतं, त्याने दोनदा श्वास घेऊन, कोपर पोटाशी दाबून ती उघडली. पण उघडली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी हसले. काय करणार?

दुकानात तो एकच नमुना होता, तोही चरे पडलेला, म्हणून घेतला नाही. घरी येऊन त्याने गटाला निकाल कळवला. यज्ञेश्वर सरांनी पास केलेली वस्तू म्हणजे ब्रह्मवाक्य, त्यामुळे आठही जणांसाठी एकदमच मागणी गेली. मागणी घातली वैजनाथने. तो परळीचा, वाघोलीला राहतो, यज्ञेश्वरच्या हाताखाली शिकला आणि त्याला गुरू मानतो. त्याला आजाराचं माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

पार्सल यायला वेळ लागला. एवढ्या काळात हाताचं काय व्हायचं ते झालं. ज्या दिवशी करवत घरी आली, त्या दिवशी यज्ञेश्वर तासभर ती घेऊन गॅलरीत बसला होता. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं, पण कळ हलली नाही.

"हा पीस खराब आहे," तो आत येऊन म्हणाला. "दुकानातला नमुना व्यवस्थित होता. यांचं क्वालिटी कंट्रोल बघा."

मी वरदकडे पाहिलं. वरद खाली मान घालून पोहे खात होता. तो म्हणाला, "द्या बाबा, मी बदलून आणतो."

दोन दिवसांनी त्याने नवा पीस आणून दिला. यज्ञेश्वरने उभ्याउभ्याच कळ दाबली आणि पातं बाहेर आलं. खट्‌. पुन्हा मिटवलं, पुन्हा उघडलं. "बघ!" तो मला म्हणाला. "मी म्हणत होतो ना?" त्याने लहान मुलासारखं पुन्हा पुन्हा ते केलं आणि मला इतका आनंद झाला, की मी शिरा केला.

संध्याकाळी वरद स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, तो तोच पीस आहे. मी मित्राकडे नेऊन उघडला आणि आतली स्प्रिंग कापून अर्धी केली. कळ आता नुसत्या स्पर्शाने दबते."

"आणि पातं बोटांवर मिटलं म्हणजे?"

"नाही मिटणार. उघडल्यावरची पकड मी तपासलीये." मग तो म्हणाला, "आई, मला बघवत नव्हतं गं."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. यातलं काहीच न करता मी म्हटलं, "भांडी विसळ." सत्तावीस वर्षांचा घोडा मुकाट्याने भांडी विसळायला लागला.

पुढचे दिवस आमच्या घरात आनंदीआनंद होता, आणि तो मला सोसवत नव्हता. यज्ञेश्वर दिवसातून दहा वेळा करवत उघडायचा. सुरुवातीला तो करवतीचं कौतुक करायचा, मग तेलाचं करायला लागला. "फरक आहे, हेमा. पहिल्या दिवसापेक्षा आज सहज उघडतेय." बटणं लावायला आता मी लागत होते, पण त्याला तो 'बटणांचा प्रश्न' वाटत होता. तो पोटभर जेवायला लागला. अंघोळ करताना गुणगुणायला लागला. वरद तेल चोळताना त्याच्याहून जास्त खूश दिसायचा. तो पोरगा आपणच केलेल्या खोट्यावर हळूहळू विश्वास ठेवायला लागला होता, हे मला दिसत होतं. "आई, कदाचित खरंच फरक पडत असेल," असंही एकदा म्हणाला.

मग यज्ञेश्वरने जेवताना जाहीर केलं, की रविवारी तो किल्ल्यावर जाणार. आणि मुंबईच्या डॉक्टरांची वेळ रद्द करून टाकावी म्हणतो. सुधारतंय, तर उगाच कशाला?

हे मात्र पुरे झालं. मोठ्या डॉक्टरांकडे काही जादू नव्हती, हे मलाही माहीत होतं. पण नसलेल्या सुधारणेच्या भरवशावर तो दार लावून घेणार आणि मी बघत बसणार? मी वरदला सांगितलं, "मी आजच बाबांना खरं सांगणार."

"एवढा एक रविवार जाऊ दे," वरद म्हणाला.

मी जाऊ दिला. फक्त त्याला एकट्याला सोडलं नाही. मीही निघाले. वैजनाथने गाडी आणली होती. "वहिनी पहिल्यांदा येताहेत, आता आमची शिस्तच बिघडणार," म्हणाला.

चढताना यज्ञेश्वर मागे राहत होता, पण तो मागे राहून फोटो काढतोय असं दाखवत होता. वर पोचल्यावर सगळ्यांनी सॅक एका बुरुजाच्या सावलीत टाकल्या. पाण्याच्या बाटल्या निघाल्या, हातमोजे निघाले आणि आठ करवती निघाल्या. आठही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, हिरव्या मुठीच्या. दगडावर एका ओळीत ठेवल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. गणिताची बाई असून मला ते कळलं नाही.

तटात उंबराचं एक रोप होतं, बऱ्यापैकी जून. यज्ञेश्वर त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला, मागे हात करून दगडावरची एक करवत उचलली आणि कळ दाबली. कळ हलली नाही. त्याने पुन्हा दाबली.

"सर, ती माझी," वैजनाथ पलीकडून ओरडला. "माझ्या मुठीला दोरी हाय बघा. तुमची ती कडंची." आणि तो दुसऱ्या झाडाकडे वळला.

यज्ञेश्वरने आपली करवत घेतली. उजव्या हाताने कळ दाबली. खट्‌. मग ती मिटवून ठेवली आणि पुन्हा वैजनाथची घेतली. उजव्या हाताने ती उघडली नाही. कामाबद्दल तो नेहमी सांगायचा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. त्याने हात बदलला. डाव्या हाताने वैजनाथची करवत सहज उघडली. खट्‌. म्हणजे ती बिघडलेली नव्हती. मग डाव्याच हाताने आपली उघडली आणि अंगठा कळीवर तसाच ठेवून तो थांबला. मग दोन्ही करवती शेजारी शेजारी धरून त्याने डाव्या अंगठ्याने एकदा हिची कळ दाबली, एकदा तिची. पुन्हा हिची, पुन्हा तिची.

मी धावत जाऊन त्याच्या हातातून त्या काढून घ्यायला हव्या होत्या. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिले, आणि त्याची पाठ हळूहळू खाली गेली.

मी शेजारी जाऊन बसले. खाली दरीत कुठेतरी कोणाच्या तरी म्हशी होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"वरदने?" त्याने विचारलं.

"हो."

"बदलून आणलीच नव्हती."

"नाही."

"स्प्रिंग कापलीये," तो म्हणाला. "छान कापलीये. पकड कुठे ढिली झालेली नाही." मग म्हणाला, "म्हणजे तेलाने काही होत नाहीये."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर मी त्याच्याशी भांडले असते, भांडण मला जमतं. पण तो नुसताच आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. तो हात मांडीवर उताणा पडला होता.

"मी आज घरी गेल्यावर सांगणार होते," मी म्हटलं. "मुंबईला जायचं रे आपण. रद्द नाही करायचं."

त्याने मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

वैजनाथ परत आला. "सर, सुरू करताय ना?"

"तू काप," यज्ञेश्वर म्हणाला. "चढताना हात मुरगळला जरा."

"बरं. पण म्हणायचं तुम्हीच. तुमचा मान हाय."

यज्ञेश्वरने डावा हात उंबराच्या बुंध्यावर ठेवला. मी ते वाक्य घरी अनेकदा त्याच्या तोंडून चेष्टेत ऐकलं होतं. "तुझा दोष नाही," तो म्हणाला आणि थांबला. वैजनाथ मान खाली घालून वाट पाहत होता. पुढचं वाक्य काही आलं नाही. शेवटी वैजनाथनेच ते पुरं केलं आणि आपल्या करवतीने कापायला सुरुवात केली. ओला भुसा आमच्या पायांवर पडत होता. मला त्या झाडाचा राग आला, बुरुजाचा आला, त्या डॉक्टरांचा आला, तेल देणाऱ्या वैद्यांचा आला. ज्याचा यावा असा कोणीच नव्हता, म्हणून सगळ्यांचाच आला.

आम्ही दोघं इतरांच्या आधी उतरायला लागलो. मी त्याचा दंड धरला होता आणि त्याने तो धरू दिला. अर्ध्या वाटेवर फोन वाजला. वरदचा होता. यज्ञेश्वरला तो खिशातून काढता येईना. मीच काढून त्याच्या डाव्या हातात दिला.

"बाबा! कशी चालली करवत?"

"अरे, लोण्यात चालावी तशी," यज्ञेश्वर म्हणाला. आवाज अगदी खणखणीत. "सगळ्यांना जोर लावावा लागत होता, माझी आपली एका बोटाने. वैजनाथ तर बघतच राहिला."

"खरंच? मग मी म्हणत होतो ना, फरक पडतोय!" वरदचा आवाज मलाही ऐकू येत होता. केवढा आनंद झाला होता त्याला. "मग मुंबईचं काय करायचं बाबा? आईचं म्हणणं जायचं."

"जाऊ की. आईचं एकदा ऐकू. त्यांच्यापुढे करवत उघडूनच दाखवतो."

वरद हसला. यज्ञेश्वरही हसला. फोन बंद झाल्यावर त्याने तो माझ्यापुढे धरला आणि मी त्याच्या खिशात ठेवला.

"त्याला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. "त्याच्या हाताने बाप बरा होतोय, असं वाटतंय त्याला. वाटू दे."

"आणि मी काय करू?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "तुझ्यासमोर त्याच्यासाठी हसू आणि त्याच्यासमोर तुझ्यासाठी हसू? किती दिवस? मला नाही जमणार हे."

तो एका दगडावर बसला आणि सरकून त्याने माझ्यासाठी जागा केली. खालून गावातला पत्र्याचा लाउडस्पीकर ऐकू येत होता. वरून करवतींचा आवाज येत होता.

"बस," तो म्हणाला. "ते लोक उतरायला अजून वेळ आहे. काय रडायचंय ते इथेच रडून घे, हेमा. घरी वरद असेल."